दात सरकतो हाडातून

तार अडकवायचा ब्रॅकेट दातावर लावायच्या आधी दात अगदी कोरडा हवा. लाळेचा एक थेंब मध्ये आला तरी पकड बसत नाही. पुण्यातल्या एका ऑर्थोडॉन्टिस्टच्या दवाखान्यात, तेरा वर्षांच्या एका मुलीच्या खुर्चीशेजारी बसून हे काम पाहिलं.

ओठ आणि गाल प्लॅस्टिकच्या कड्याने ताणून धरलेले. डॉक्टरांनी एकेका दातावर फॉस्फरिक ॲसिडची निळी जेल लावली, अर्ध्या मिनिटाच्या आत धुतली, हवेने सुकवली. चकचकीत दात तेवढ्या जागेपुरता खडूसारखा पांढरा पडला. ॲसिडने इनॅमलला बारीक छिद्रं पडतात आणि चिकटवायचं द्रव्य त्यांत शिरून घट्ट बसतं. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली. ती रुळण्याआधी प्रत्येक दाताला धातूचा पट्टा चढवावा लागे.

मग चिमट्यात धरलेला ब्रॅकेट. ठेवला, दाबला, कडेने बाहेर आलेलं सिमेंट टोकदार हत्याराने काढलं, तिरका तर नाही ना म्हणून आरशातून पुन्हा पाहिला. खरा कस इथेच लागतो. ब्रॅकेट जरा वर-खाली बसला, तर पुढे दातही चुकीच्या उंचीवर जातो. खात्री झाली की निळ्या दिव्याचा झोत, आणि पुढचा दात.

"दुखलं तर डावा हात वर कर हं," डॉक्टर म्हणाल्या. हात एकदाही वर गेला नाही. दुखतं ते नंतर, तार घातल्यावर दोन-चार दिवस. तेवढे दिवस मऊ वरण-भात.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, जाडी ०.०१४ इंच. वेड्यावाकड्या दातांत अडकवताना ती वाकते आणि आपल्या मूळच्या कमानीत परत यायला बघते. दात हलतो तो या ओढीने. मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. दाब पडतो त्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात, ताण पडतो त्या बाजूला नवं घडवतात. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जास्त जोर लावला तर मुळं झिजण्याची भीती. म्हणून "डॉक्टर, जरा लवकर होईल का?" असा तगादा लावू नये.

मोठ्यांचं हाडही असंच बदलतं, त्यामुळे हिरड्या निरोगी असतील तर चाळिशीतही दात सरळ होतात. जबड्याचं मात्र तसं नाही. फार मागे राहिलेला खालचा जबडा वाढ थांबल्यावर नुसत्या तारांनी पुढे येत नाही, तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. वाढत्या वयात खालचा जबडा पुढे आणायला ट्विन ब्लॉकसारख्या उपकरणाचा उपयोग होतो. दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबायचं, हे म्हणूनच मला पटत नाही. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला एकदा दाखवून आणावं.

शेजारच्या खुर्चीत पस्तिशीच्या एक ताई होत्या, दुसऱ्यांदा तारा लावायला आलेल्या. कॉलेजात असताना दात सरळ झाले होते, पण नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर डबीत पडून राहिला. तारा काढल्यावर नवं हाड पक्कं व्हायला आणि हिरड्यांचे ताणलेले तंतू सैलावायला बरेच महिने जातात. तोवर दात जुन्या जागेकडे ओढ घेतात, आणि वयानुसारही थोडेफार सरकतच राहतात. पहिल्या भेटीत खर्च किती, महिने किती, हे सगळेच विचारतात. रिटेनर किती वर्षं आणि दिवसातून किती तास घालायचा, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.