पुढच्या गावचा हशा

हसवणाऱ्या माणसाला खरं शिक्षण रस्त्यावर मिळतं. पुण्यात दरवेळी हमखास हशा घेणारं वाक्य परभणीत नुसतं ऐकून घेतलं जातं, आणि नाइलाजाने मध्ये घातलेल्या एखाद्या जोडवाक्याला अकोल्यात टाळी पडते. घरात आरशासमोर उभं राहून हे कळत नाही. गाडीत बसावं लागतं, परक्या गावात उतरावं लागतं, चहा पिता पिता तिथली माणसं काय बोलतात ते ऐकावं लागतं आणि रात्री त्यांच्यापुढे एकट्याने उभं राहावं लागतं. आज स्टँड-अप म्हणून जे ओळखलं जातं त्याचं नाव नवं आहे, पण हे एकट्याने गावोगाव हिंडणं महाराष्ट्राला फार जुन्या ओळखीचं आहे.

गाडगेबाबांचं (१८७६–१९५६) कीर्तन आठवा. बाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर गल्लीबोळ पाहिलेला माणूस त्याच गावाशी बोलत असे. समोरच्यांना ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत, लोक ओरडून उत्तर देत, आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न उभा राही. लोक हसत असत, आणि आपण आपल्याच कर्जाला, नवसाला आणि अंधश्रद्धेला हसतोय हे हसता हसता त्यांच्या ध्यानात येई. आजचे कॉमेडियन प्रेक्षकांशी होणाऱ्या अशा सवालजवाबाला ‘क्राउड वर्क’ म्हणतात. बाबांचा हेतू करमणुकीचा नव्हता, त्यामुळे त्यांना विनोदवीरांच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. परंतु समोरच्या माणसाच्या उत्तरातून कार्यक्रम घडवायची ही रीत आपल्याकडे त्यांनी कळसाला नेली होती, हे नोंदवायलाच हवं.

साठच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे कथाकथनाला बाहेर पडले. माडगूळकर पुणे आकाशवाणीवर नोकरीला, मिरासदार प्राध्यापक. म्हणजे सुट्ट्या जुळवूनच दौरा करायचा. यजमानांना खर्च फारसा नव्हता: टेबल, खुर्ची, तांब्याभांडं आणि बरा माईक. नाटक बोलवायचं तर नटसंच, नेपथ्य, टेम्पो, राहण्याजेवण्याची सोय एवढं सगळं आलं, आणि ते छोट्या गावाला झेपत नसे. गोष्ट सांगणारा माणूस मात्र झेपत होता. म्हणूनच मराठी विनोद तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला, असं मला वाटतं. त्याला वाटही तयार मिळाली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, आणि तिच्यासारख्या माला गावोगावी होत्या. गणेशोत्सव होता, हिवाळ्यात कॉलेजांची स्नेहसंमेलनं होती. वर्षाचं पंचांग जणू या मंडळींच्या दौऱ्यासाठी आखलेलं होतं. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा पाटलांची ‘धिंड’ ऐकायला जमलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ती कथा आधी वाचलेली असे, तरीही ते येत.

पु. ल. देशपांड्यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली तेव्हा पुस्तक येऊन काही वर्षं झाली होती. लोकांना पात्रं पाठ होती. पु.लं.नी तीच पात्रं आपल्या आवाजात आणि अंगात उतरवून दाखवली. एकट्या माणसाच्या जिवावर नाट्यगृह भरतं, तिकीट लावून भरतं, हे मराठी व्यवसायाला त्यांनी पटवून दिलं. पुढे राम नगरकरांनी ‘रामनगरी’त न्हाव्याच्या घरात वाढलेल्या मुलाची, म्हणजे स्वतःचीच, गोष्ट सांगितली. आपलं आयुष्य उघडं करून हसवायचं, हा आजच्या स्टँड-अपचा गाभा आपल्याकडे असा आला.

पण दौरा म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर लक्ष्मण देशपांड्यांपाशी थांबायला हवं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनी स्वतः लिहिलं, १९७९ मध्ये रंगमंचावर आणलं आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याच नावाने ओळखले गेले. मराठवाड्यातल्या खेड्यातलं एक अख्खं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघतं, एवढीच गोष्ट. पात्रं बावन्न, आणि ती साकारणारा माणूस एक. म्हाताऱ्या, पोरंटोरं, रुसलेले पाहुणे, भेदरलेले प्रवासी, सगळ्यांचे आवाज एका गळ्यातून, जवळजवळ तीन तास. गिनेस बुकात या प्रयोगाची नोंद झाली, पण मला त्या नोंदीपेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठवाड्याची बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहात एखाद्या नोकराच्या तोंडी चार वाक्यांपुरती येत असे. देशपांड्यांनी ती पूर्ण प्रयोगभर बोलायला लावली आणि शहराने ती मान डोलवत ऐकली. हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या प्रवासाने मिळवलं. एखाद्या गावात गळा बसलेला असला तरी प्रयोग लागलेलाच असतो, आणि बदली नट नसतो. बावन्नातलं एक पात्रसुद्धा वगळता येत नाही. आज संदीप पाठक हाच प्रयोग करतात आणि लोक पुन्हा येतात.

इथून आजच्या पिढीकडे आलं की सगळ्यात मोठा बदल दिसतो तो रेकॉर्डिंगचा.

नवा कॉमेडियन ओपन माइकपासून सुरुवात करतो. लोअर परळचा लाफ क्लब २०१० मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर मुंबई-पुण्यात कॅफेंमधून, छोट्या खोल्यांमधून पाच-पाच मिनिटांचे स्पॉट मिळू लागले. भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) या यूट्यूब वाहिनीने मराठीतल्या मुलांना मराठीतच उभं राहायचा धीर दिला. त्या पाच मिनिटांची वीस होतात, विसाचा तास होतो, आणि तो तास घडवायला दौरा काढावा लागतो: नाशिक, कोल्हापूर, नागपूर, मग बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली. प्रत्येक गावात एखादं वाक्य छाटलं जातं, एखादा पंच दोन शब्द अलीकडे येतो. अनेकजण रोजचा कार्यक्रम फोनवर टेप करतात आणि परतीच्या गाडीत कान लावून ऐकतात, कुठे हशा आला आणि कुठे नुसतीच खोकल्याची उबळ. महिनोन्‌महिने असं घासून तो तास तयार झाला की त्याचं चित्रीकरण होतं. २०१७ पासून अ‍ॅमेझॉन प्राइमसारख्या मंचांनी असे ‘स्पेशल’ घ्यायला सुरुवात केली, यूट्यूब तर होतंच. आणि व्हिडिओ लोकांनी पाहिला की तो तास रंगमंचापुरता संपतो. लोक म्हणतात, हे आम्ही पाहिलंय, नवीन काय?

इथे मला जुन्या आणि नव्या दौऱ्यातला खरा फरक दिसतो. व. पु. काळ्यांच्या कॅसेटी घरोघर होत्या, तरी त्यांचं कथाकथन ऐकायला गर्दी होई. ‘वऱ्हाड’ तीस वर्षं चाललं. कारण त्यात माणसं होती, आणि ओळखीच्या माणसाला पुन्हा भेटायला आपल्याला आवडतं. एका ओळीचा पंच मात्र अनपेक्षितपणावर जगतो, आणि अनपेक्षितपणा एकदाच मिळतो. आजच्या कलावंताला दर दीड-दोन वर्षांनी हातातलं सगळं टाकून पुन्हा रिकाम्या हाताने पहिल्या गावाला निघावं लागतं. हे फार धाडसाचं काम आहे आणि त्याची पुरेशी कदर होत नाही. तरीही माझी इच्छा आहे की मराठी स्टँड-अपने पात्रांकडे वळावं. आत्या, सोसायटीचा सेक्रेटरी, एसटीचा कंडक्टर यांना तीन मिनिटांच्या विनोदापुरतं न आणता प्रयोगभर जगू द्यावं. तसा प्रयोग व्हिडिओनंतरही टिकेल.

या प्रवासाची शरीराला किंमत मोजावी लागते. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास संपतो, जेवण अकरानंतर, तेही धाब्यावर. मग रात्रीची बस किंवा पहाटेचं विमान. नाटकवाल्यांच्या बसमध्ये निदान गप्पा असतात, पत्ते असतात, कोणाचा तरी डबा असतो. इथे एकटा माणूस, फार तर एक मॅनेजर आणि आधी दहा मिनिटं करणारा ओपनर. हजार माणसं हसवून लॉजच्या खोलीत परतल्यावर बोलायला कोणी नसतं. हिंदी कॉमेडियन झाकीर खानने ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने जाहीरपणे सांगितलं की दहा वर्षांच्या सततच्या दौऱ्यांनी तब्येतीवर परिणाम झाला आहे आणि आता थांबायला हवं. इतक्या उंचीवर पोहोचलेल्या माणसाने हे सांगितल्यामुळे मागून येणाऱ्या पोरांना थांबण्याची थोडी मुभा मिळेल, अशी आशा वाटते.

बायकांसाठी हाच रस्ता आणखी अवघड. उशिराचा परतीचा प्रवास, लॉजवरची चौकशी, कडी नीट न लागणारी ग्रीनरूम. सुषमा देशपांडे १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ घेऊन एकट्या गावोगाव गेल्या. तो विनोदी प्रयोग नव्हे, पण एकटी बाई संध्याकाळी गावात येऊन उभी राहते आणि गाव ऐकतं, हे त्यांनी दाखवलं. मुंबईच्या उरूज अश्फाकला २०२३ मध्ये एडिनबरा महोत्सवात सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. मराठीत एकटीने दौरा काढणाऱ्या मुली मात्र अजून मोजक्याच दिसतात.

परदेश दौऱ्याची तऱ्हा वेगळी. उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, आणि शहराशहरांतल्या महाराष्ट्र मंडळांमुळे मराठी कलावंताला तिथे घरं मिळतात. प्रयोग शुक्रवार ते रविवार, मधले दिवस यजमानांकडे. एकटेपणा कमी होतो, परंतु घरी आलेल्या पाहुण्याला सकाळी चहाच्या टेबलावरही विनोदी असावं लागतं. विसावा तिथेही नसतो.

भीतीही आता सामानात असते. कॉमेडियन मुनव्वर फारुकीला जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबची मोडतोड झाली. अशी एक खोली बंद पडते तेव्हा एका कलावंताचा कार्यक्रम तर रद्द होतोच, पण तिथे पहिल्यांदा उभं राहणार असलेल्या अनेक मुलांचे स्पॉटही जातात.

आणि खोल्यांचाच प्रश्न जिल्ह्याच्या गावी सगळ्यात मोठा आहे. नगरपालिकेचं नाट्यगृह बहुधा शेकडो खुर्च्यांचं. नवख्याच्या नावावर साठ-सत्तर तिकिटं जातात, आणि एवढी माणसं तिथे विखरून बसली की हशा एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचतच नाही. हसणं संसर्गजन्य असतं, त्याला खांद्याला खांदा लागतो. यावर उपाय आपल्या हाताशी आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, आणि अशी जुनी वाचनालयं कितीतरी गावांत आहेत. ज्यांच्याकडे शंभरेक माणसांची खोली आहे त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ, नीट माईक आणि स्वच्छ स्वच्छतागृह एवढं दिलं, तर मुंबईहून निघालेल्या मुलाला नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा सलग मार्ग आखता येईल. आणि अकोल्याच्या मुलीला पहिल्या पाच मिनिटांसाठी मुंबई गाठावी लागणार नाही.