पावले, कॅलरी आणि प्रसादाचा लाडू



मागील श्रावणात न्यासाने ‘पायी दर्शन’ हा उपक्रम सुरू केला. जवळपास राहणाऱ्या भाविकांनी वाहन न आणता देवळात पायी यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. उत्साहाच्या भरात आम्ही सूचनाफलकावर ‘रोज 10,000 पावले’ असे ठळक अक्षरांत लिहिले आणि ज्यांची पावले अधिक, त्यांची नावे दर आठवड्यास लावू लागलो. प्रतिसाद उत्तम मिळाला; परंतु त्याबरोबर दोन गोष्टी घडल्या. गुडघेदुखी असलेल्या एक ज्येष्ठ भगिनी फलकावर नाव यावे म्हणून दुखणे सोसत चालत राहिल्या, आणि पुढे महिनाभर त्यांना दर्शनासही येता आले नाही. मधुमेह असलेले एक सभासद मोबाईलवर दिसणाऱ्या ‘खर्च झालेल्या कॅलरी’ पाहून निश्चिंत मनाने दोन-दोन लाडू आणि परतताना पोहे-जिलेबी घेत असत. तपासणीत त्यांची साखर वाढलेली आढळली. दोघांनीही आम्हांस दोष दिला नाही. तथापि फलक आमचाच होता, म्हणून हा विषय नीट समजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

यंत्र नेमके काय मोजते?

मोबाईलमध्ये किंवा मनगटावरील पट्ट्यात हालचालीचे हिसके टिपणारा एक लहानसा भाग असतो. ठरावीक लयीत येणाऱ्या हिसक्यांस यंत्र ‘पाऊल’ समजते. नेहमीच्या गतीने चालणाऱ्याची पावले ते बऱ्यापैकी अचूक मोजते. मात्र पाय घासत, सावकाश चालणाऱ्या वृद्धांची काही पावले त्याच्या लक्षातच येत नाहीत. मोबाईल चपलांसोबत बाहेर ठेवला, तर प्रदक्षिणा हिशेबात येत नाहीत. याउलट मनगटी पट्टा बांधून भजनात टाळ्या वाजवल्या, तर बसल्या जागीही काही पावले वाढू शकतात.

येथपर्यंत निदान मोजणी तरी होते. कॅलरी मात्र यंत्र मोजत नाही. ती अंदाजाने काढते. पावलांवरून अंतर, अंतर आणि वजनावरून ऊर्जा, असा तो हिशेब असतो. आपण आपली उंची व वजन यंत्रात भरले नसेल, तर ते स्वतःच्याच ठोकताळ्यावर चालते, आणि आकडा भलत्याच माणसाचा निघतो.

घरच्या घरी करावयाचा हिशेब

हा हिशेब कागद-पेन्सिलीनेही करता येतो.

पहिली गोष्ट, आपल्या पावलाची लांबी. देवळाच्या आवारात उत्तरेकडील भिंतीलगत आम्ही 20 मीटर अंतरावर दोन पांढऱ्या खुणा करून ठेवल्या आहेत. नेहमीच्या चालीने एका खुणेपासून दुसरीपर्यंत जावे आणि पावले मोजावीत. 33 पावले पडली, तर एक पाऊल सुमारे 60 सेंटिमीटरचे. अशा व्यक्तीची 5,000 पावले म्हणजे 3 किलोमीटर.

दुसरी गोष्ट, ऊर्जा. सपाट रस्त्यावर एक मीटर चालताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे 0.1 मिलिलिटर जास्तीचा प्राणवायू लागतो, असे व्यायामशास्त्रातील प्रचलित सूत्र आहे. एका किलोमीटरास तो 100 मिलिलिटर होतो. एक लिटर प्राणवायूमागे शरीर सुमारे 5 कॅलरी खर्च करते; म्हणजे 100 मिलिलिटरमागे अर्धी कॅलरी. यावरून सोपा नियम निघतो: वजनाचे किलो गुणिले चाललेले किलोमीटर, आणि त्याचे निम्मे. वजन 60 किलो व अंतर 3 किलोमीटर असल्यास गुणाकार 180, आणि निम्मे 90. येथे कॅलरी म्हणजे खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर लिहितात ती, शास्त्रातील किलोकॅलरी.

मग यंत्र याहून मोठा आकडा का दाखवते? कारण शरीर स्वस्थ बसले असतानाही दर तासाला प्रत्येक किलोमागे सुमारे एक कॅलरी खर्च करीतच असते. अनेक यंत्रे चालण्याच्या वेळेतील हा खर्चही त्यात मिळवतात. वरील उदाहरणात पाऊण तासाच्या चालीत तो 45 होतो, आणि 90 चे 135 होतात. त्यात पाऊल 70 सेंटिमीटरचे आणि वजन 70 किलो धरले गेले, तर तोच आकडा 175 पर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. काही यंत्रे तर दिवसभराची एकूण ऊर्जा दाखवतात. ती हजाराच्या घरात असते आणि तिचा बराचसा भाग चालण्याचा नसतोच.

चढावर मात्र खर्च खरोखर वाढतो. 100 मीटरांत 5 मीटर चढ असेल, तर वरील नियमाने आलेला आकडा जवळजवळ दुप्पट धरावा.

लाडवाचा हिशेब

आपल्या प्रसादाचा बेसनाचा लाडू साधारण 40 ग्रॅमचा असतो. त्यात 10 ग्रॅम तूप धरले, तर त्याच्या 90 कॅलरी. उरलेल्या 30 ग्रॅम बेसन-साखरेच्या सुमारे 110 ते 120. म्हणजे एक लाडू 200 कॅलरींचा. 60 किलो वजनाच्या, 60 सेंटिमीटर पावलाच्या भाविकास तेवढे खर्च करण्यास सुमारे 11,000 पावले चालावी लागतील. चालण्याने लाडू ‘जिरतो’ हा समज किती फसवा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून मधुमेही बांधवांस आमची कळकळीची विनंती आहे की, यंत्रातील आकडा पाहून आहार वा औषध यांत बदल करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची, तसेच काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासाच्या दिवशी लांब चालल्याने एकाएकी कमीही होऊ शकते. आपल्या वैद्यांचा सल्ला प्रथम घ्यावा. प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्णच असतो.

10,000 हा आकडा आला कोठून?

सन 1965 मध्ये जपानमध्ये एक पावलेमापक विक्रीस आला. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता, आणि तेथून हा आकडा जगभर रूढ झाला. सन 2019 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 72 वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी होती. रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि सुमारे 7,500 च्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. ज्येष्ठांनी दहा हजारांचा ध्यास घेण्याचे कारण नाही.

यंत्र टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. काल 3,000 आणि आज 3,500, अशी स्वतःची स्वतःशी तुलना करण्यास ते उत्तम आहे. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यास ते योग्य नाही. म्हणून फलकावरील नावांची यादी व ‘10,000’ हा आकडा विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही काढून घेतला आहे. त्या जागी आता वजन, अंतर व निम्मे, हा नियम लिहिला आहे. पायी दर्शनाचा उपक्रम पूर्ववत चालू आहे. ज्यांस चालणे कठीण आहे, त्यांनी निःसंकोच वाहनाने यावे. श्रींच्या दारी पावलांची गणती होत नाही.

सर्वांस उत्तम आरोग्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
इंदूर