ध्रुवीय प्रदेशातील हौशी रेडिओ स्पर्धा
अतिउत्तरेकडील केंद्रावरून ठराविक मुदतीत जास्तीत जास्त हौशी केंद्रांशी रेडिओ संपर्क साधण्याची स्पर्धा. आर्थिक लाभाच्या हेतूविना, परवाना घेऊन रेडिओ प्रेषण करणाऱ्यांस रेडिओ हौशी म्हणतात. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही त्यांची एक प्रमुख जागतिक स्पर्धा होय. तिचा ध्वनिसंभाषण विभाग ऑक्टोबरच्या व मोर्स विभाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, प्रत्येकी 48 तास चालतो. स्पर्धक परस्परांस संकेताची प्रत व आपला विभाग क्रमांक कळवितात. यासाठी जगाचे 40 विभाग पाडले आहेत. गुणांच्या बेरजेस प्रत्येक पट्ट्यावर मिळालेल्या देशांच्या व विभागांच्या एकूण संख्येने गुणतात.

स्वालबार (नॉर्वे) या द्वीपसमूहातील लाँगयिअरब्यिएन हे गाव सु. 78° उ. अक्षांशावर आहे. तेथील केंद्रांची संकेतनामे ‘जेडब्ल्यू’ या अक्षरांनी सुरू होतात. स्वालबार हौशींच्या यादीत स्वतंत्र देश गणला जात असून तो 40 व्या विभागात मोडतो. त्यामुळे इतर स्पर्धकांना त्याच्याशी संपर्क मोलाचा वाटतो व अनेक केंद्रे एकाच वेळी त्यास हाक मारतात. ध्रुव जवळ असल्याने टोकिओ व सॅन फ्रॅन्सिस्को ही दोन्ही शहरे तेथून सारख्याच, म्हणजे सु. 6,800 किमी. अंतरावर आहेत. इतर खंडांतील संपर्कास 3 गुण, तर यूरोपातील अन्य देशाच्या संपर्कास 1 गुण मिळत असल्याने हे दूरचे मार्ग महत्त्वाचे ठरतात.

परंतु याच मार्गांवर खरी अडचण असते. सूर्याकडून येणारे विद्युत् भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या कंकणाकृती पट्ट्यात उतरतात. तेथे ध्रुवीय प्रकाश दिसतो आणि आयनांबराचा खालचा डी थर अधिक आयनीभूत होऊन लघुतरंग शोषून घेतो. वरच्या थरांतील खळबळीमुळे आवाज घोगरा व कंपित होतो. प्रबळ सौर उद्रेकातील प्रोटॉन ध्रुवाभोवतीच्या संपूर्ण प्रदेशात शोषण घडवितात आणि ते काही दिवस टिकू शकते. अशा वेळी शक्तिशाली प्रेषक व उंच आकाशक असूनही स्पर्धकास स्वस्थ बसावे लागते आणि महिनोन्‌महिन्यांची तयारी वाया जाते.

ध्रुवीय रात्रीचा मात्र लाभही होतो. लाँगयिअरब्यिएनला ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. सूर्यप्रकाशाअभावी डी थर क्षीण राहतो. म्हणून चुंबकीय क्षेत्र शांत असल्यास 1·8 व 3·5 मेगॅहर्ट्‌झचे पट्टे भर दुपारीही उपयोगी पडतात. उच्च कंप्रतांचे पट्टे तेव्हा थोडा वेळच खुले होतात. कोणता पट्टा केव्हा सोडावा हा निर्णय येथे प्रेषकाच्या शक्तीइतकाच निर्णायक असतो. आकाशकांवर साचणारे बर्फ व वादळी वारे यांचाही विचार करावा लागतो.

क्षीण संकेत ओळखण्याचे हे कौशल्य केवळ खेळापुरते नाही. 25 मे 1928 रोजी ‘इटालिया’ हे वायुयान स्वालबारच्या ईशान्येस हिमावर कोसळले. वाचलेल्यांजवळ लहान लघुतरंग प्रेषक होता. पण त्यांचे साहाय्यक जहाज तुलनेने जवळ असूनही त्यास त्यांचे संदेश मिळेनात. आयनांबरातून परावर्तित तरंग नजीकचा प्रदेश ओलांडून दूर उतरतात, हे त्याचे एक कारण होते. 3 जून रोजी रशियातील एका दूरच्या खेड्यात निकोलाय श्मिट या हौशीने तो संकेत टिपला व शोधास दिशा मिळाली. 12 जुलै रोजी ‘क्रासिन’ या हिमभंजक जहाजाने हिमावरील तंबूत उरलेल्यांची सुटका केली.

[⟶ आयनांबर, ध्रुवीय प्रकाश, रेडिओ संदेशवहन].