जीपवाल्यांचा संघ : 48 वर्षांचा संसार, एका निर्णयाने समाप्त

काटोलच्या संत्रा मंडईत गाड्या लागल्या की त्यांत महिंद्राची एखादी गाडी हमखास दिसते. शेतात ट्रॅक्टर त्यांचा, रस्त्यावर जीप त्यांची. या कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, हिंगण्याला आहे. पण याच कंपनीचा एक फुटबॉल संघ होता आणि तो एके वर्षी साऱ्या देशात पहिला आला होता, हे आमच्या भागातल्या फार थोड्या व्यापारी बंधूंना ठाऊक असेल. व्यापाराच्या पानावर फुटबॉलचे काय काम, असे वाचक विचारतील. हा संघ कसा चालला आणि कसा बंद पडला, यात आम्हा धंदेवाल्यांनी शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून हा लेख.

भागीदारीतून सुरुवात

कंपनीची सुरुवातच मोठी रंजक आहे. 1945 साली के. सी. महिंद्रा व जे. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मुहंमद यांच्या भागीदारीत पोलादाचा व्यापार सुरू केला. पेढीचे नाव होते ‘महिंद्रा अँड मुहंमद’. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे जीपगाड्यांच्या जोडणीने कंपनी घराघरांत पोहोचली.

1962 साली कंपनीने मुंबईत फुटबॉल संघ उभा केला. त्या काळी मुंबईत ही रीतच होती. टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया अशा अनेक आस्थापनांचे संघ असत. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, नंतर कचेरी किंवा कारखाना, आणि पाय थकले तरी पगार चालू. गरीब घरातल्या मुलाला ही मोठीच सोय होती. खेळ संपला तरी चूल विझत नसे.

1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. आता करारावरचे खेळाडू आले, परदेशी खेळाडू आले, देशभर प्रवास आला. नोकरदार खेळाडूंचा संघ बघता बघता व्यावसायिक क्लब झाला. त्याचे नाव ‘महिंद्रा युनायटेड’. या संघाने 1998, 2001 व 2008 मध्ये ड्युरँड चषक जिंकला, 2003 व 2005 मध्ये फेडरेशन चषक, तर 2006 व 2008 मध्ये आयएफए शिल्ड. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून हे विजेतेपद मुंबईला प्रथमच आणले. 2007 मध्ये संघ आशियातील एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

आणि मार्च 2010 मध्ये कंपनीने जाहीर केले, की हंगाम संपताच संघ बंद. यापुढे पैसा शालेय मुलांच्या फुटबॉलवर खर्च करू, असे कारण देण्यात आले. कारण वाईट नव्हते. पैसा कंपनीचा, निर्णयही कंपनीचा; त्यात बेकायदा काही नव्हते. पण 48 वर्षे ज्यांनी कूपरेजच्या मैदानावर टाळ्या वाजवल्या, त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची सोयच नव्हती, कारण ते प्रेक्षक होते, सभासद नव्हते.

हे एकट्या महिंद्राचे नाही. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याच्या जेसीटी मिलचा संघ 2011 मध्ये बंद झाला. 2007 साली निघालेला पुणे एफसी 2015 मध्ये आटोपला. गोव्यातील धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब हे नामवंत संघ 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले.

मच्छीमारांच्या गावचा विजेता

आता दूर स्वीडनकडे पाहू. तेथील दक्षिण किनाऱ्यावर म्येल्बी नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजार, म्हणजे आमच्या काटोल शहरापुढे एक वाडीच. 1939 साली निघालेला तेथला क्लब शेजारच्या हेलेविक या मच्छीमार वस्तीत समुद्रकाठच्या मैदानावर खेळतो. 2016 मध्ये हा क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला होता व दिवाळखोरीच्या काठावर होता. स्थानिक लोकांनी तो सावरला, खर्च आटोक्यात आणला. 2020 मध्ये तो पुन्हा पहिल्या श्रेणीत आला आणि 2025 मध्ये 30 सामन्यांत एकच सामना हरून, 75 गुणांच्या विक्रमासह, राष्ट्रीय विजेता झाला. प्रशिक्षक अँडर्स टोर्स्टेन्सन हे पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते.

यामागे तेथील एक नियम आहे. स्वीडनमध्ये 1999 पासून क्लबला कंपनी काढता येते, भांडवल घेता येते. परंतु मतांचा बहुमताचा हिस्सा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिला पाहिजे. धनिकाने पैसा द्यावा, मात्र कुलूप लावण्याची किल्ली त्याच्या हाती नसते.

आमच्यासाठी काय?

आमच्या तालुक्यातही खेळाच्या स्पर्धा बहुधा आडत्यांच्या व दुकानदारांच्या वर्गणीवर भरतात. आंबिया बहार चांगला आला तर चषक मोठा, गारपीट झाली तर स्पर्धाच रद्द. देणाऱ्याची नियत चांगली असते. पण सारे एका खिशावर अवलंबून असले की खिसा रिकामा होताच मुले घरी बसतात.

उपाय अवघड नाही. सात माणसे एकत्र आली की 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची नोंद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही करावी लागते. सभासद वर्गणी लहान ठेवावी, पण प्रत्येकाकडून घ्यावी. हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचावा. चांगल्या वर्षाच्या देणगीतला काही भाग वाईट वर्षासाठी बँकेत ठेवावा. मोठा देणगीदार मिळाला तर त्याचे नाव फलकावर जरूर लावावे, मत मात्र त्यालाही एकच असावे.

दुकान एकट्याच्या मालकीचे असले तर चालते. गावाचा संघ मात्र गावाच्याच नावे नोंदलेला बरा.