सागाच्या पेनावर गोंदाची चकाकी

हाताने कातलेल्या लाकडी पेनावर जी नितळ, टणक आणि ओलसर भासणारी चकाकी दिसते, ती पुष्कळदा व्हार्निशची किंवा फ्रेंच पॉलिशची नसून सायनोॲक्रिलेट या वर्गातल्या गोंदाची असते. भारतात फेविक्विक या नावाने किराणा दुकानात ज्याची बोटभर ट्यूब मिळते, तो गोंद याच कुळातला. तुटलेली वस्तू क्षणात जोडणे हे त्याचे सर्वपरिचित काम असले, तरी पेन कातणाऱ्या कारागिरांनी त्याला दुसरेच काम दिले: लाकडावर त्याचे एकावर एक पातळ थर चढवायचे, ते घासून सपाट करायचे आणि त्या पारदर्शक कवचाला झिलई द्यायची. धारणी परिसरात, म्हणजे मेळघाटच्या सागवनाच्या कुशीत, ही पद्धत वापरायची झाल्यास ती कितपत जमेल, हा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. तेथील लाकूड आणि तेथील हवा या दोन्हींचा गोंदाशी संबंध येतो, आणि दोन्हीही थोड्या अडवणाऱ्या आहेत.

या पदार्थाचा शोध अपघाताने लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतले रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांच्या हाती आलेले द्रव्य दिसेल त्याला चिकटत असल्याने ते निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले गेले. 1951 मध्ये कूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लक्ष त्याच द्रव्याकडे पुन्हा गेले, चिकटपणा हाच त्याचा गुण आहे हे ध्यानात आले आणि 1958 मध्ये ते गोंद म्हणून बाजारात आले.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद त्यातले पाणी उडून गेल्याने वाळतो, तर सायनोॲक्रिलेट नेमका उलट वागतो, म्हणजे त्याला घट्ट होण्यासाठी पाण्याचा अंश लागतो. हवेतली आणि लाकडाच्या पृष्ठभागावरची अत्यल्प ओल मिळाली, की त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात आणि द्रवाचे कठीण प्लास्टिक बनते. बाटलीत तो द्रवरूपच राहतो, कारण त्यात ही प्रक्रिया रोखणारा आम्लाचा किंचित अंश मिसळलेला असतो. शिवाय बाटली पॉलिथिलीनची असते आणि पॉलिथिलीनला हा गोंद नीट चिकटत नाही. कारागीर या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग करून घेतात: लेथवर पेनाच्या दोन्ही टोकांना पॉलिथिलीनचे बुश लावले, की थर चढवताना पेन यंत्रालाच चिकटून बसत नाही.

गोंद ओलीवर पोसला जात असल्याने ऋतूचा हिशेब करावा लागतो. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि एरवी काही सेकंदांत बसणारा थर तेव्हा रेंगाळतो. अशा वेळी घाई करून पुढचा थर दिला तर खालचा मऊ राहतो आणि घासताना त्याची साल निघते. मेळघाटचा पाऊस सुरू झाल्यावर अडचण बाजू बदलते; थर वरच्या वर झटकन आवळला जातो आणि त्यात पांढरट धुके साचते. याखेरीज न घट्टलेल्या गोंदाची वाफ हवेतल्या ओलीशी संयोग पावून पांढऱ्या पुडीच्या रूपाने आसपास बसते, ती वेगळीच. गोंद लवकर बसवण्यासाठी फवाऱ्याच्या रूपात एक वेगवर्धक द्रव मिळतो, पण तो सढळ हाताने मारल्यास गोंद उकळल्यासारखा फसफसतो आणि बुडबुडे कायमचे अडकतात. सोयीचा काळ म्हणायचा तर पावसाळा सरल्यावरचे महिने, जेव्हा हवेत ओल असते पण ती अतिरेकी नसते.

आता लाकडाकडे वळता येईल. मेळघाटचे जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, धावडा, तिवस, हळदू, मोह, तेंदू आणि पळस ही त्यातली परिचित झाडे. त्यातही साग मुख्य, आणि परतवाड्याची लाकूडपेठ पूर्वापार त्याच्यासाठी ओळखली जाते. 1974 पासून या अरण्याचा मोठा भाग व्याघ्रप्रकल्पाखाली आहे, त्यामुळे पेनासाठी कोणी झाड तोडण्याचा प्रश्नच येत नाही. तशी गरजही पडत नाही, कारण पेनाला लागणारा ठोकळा जेमतेम 12 ते 13 सेंटिमीटर लांब आणि 2 सेंटिमीटर जाड असतो, आणि आरामशीनवर किंवा दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराकडे एवढे तुकडे सरपणात जातात.

साग टिकतो तो त्याच्यातल्या तैलयुक्त व रबरासारख्या द्रव्यांमुळे. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, पाणी त्याला फारसे फुगवत नाही. मात्र याच द्रव्यांमुळे गोंद पृष्ठभागाला नीट धरत नाही, आणि आज चकाकणारा थर काही महिन्यांनी टोकापासून सुटू लागतो. यावर उपाय असा की, घासून झालेल्या लाकडावरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कागद फिरवून वरचे तेल काढायचे आणि ॲसिटोन उडून जाताच पहिला थर द्यायचा, कारण थांबल्यास आतले तेल पुन्हा वर येते. नखांचे पॉलिश काढण्याचे द्रव यासाठी वापरू नये. त्यात पुष्कळदा सुगंध आणि तेल मिसळलेले असते. सागाची दुसरी खोड त्याच्या छिद्रांची आहे. प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या नलिका असतात, आणि त्या भरल्या नाहीत तर झिलईत बारीक खड्ड्यांच्या रेघा उमटतात. म्हणून पहिला पातळ थर ओला असतानाच त्यावर पॉलिश पेपर चालवला जातो. लाकडाचीच भुकटी गोंदात कालवली जाऊन छिद्रांत बसते आणि रंगही जुळतो.

प्रत्यक्ष काम असे चालते. ठोकळ्याला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात, तो सळईवर ओवून लेथवर गोल कातला जातो आणि 150 पासून 600 क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने घासला जातो. क्रमांक वाढेल तसा कागदाचा रवा बारीक होतो. त्यानंतर लेथचा वेग कमी करून, घडी घातलेल्या टिश्यू पेपरवर पाण्याइतक्या पातळ गोंदाचे काही थेंब घेऊन कागद फिरत्या लाकडाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढला जातो. थांबला की कागद चिकटलाच. असे दोन-तीन थर लाकडात मुरले, की मध्यम दाटपणाच्या गोंदाचे आणखी सहा ते दहा थर येतात. काही कारागीर गोंदाबरोबर उकळलेल्या जवस तेलाचा थेंब घेतात, त्यामुळे कागद सहज सरकतो आणि लाकडाचा रंग गडद होतो. जवस विदर्भात घरोघरी ओळखीचे असले तरी खायचे तेल येथे चालत नाही, लवकर सुकणारे रंगकामाचे तेलच लागते.

एवढे झाल्यावरही पेन चकाकत नाही, उलट खरखरीत आणि लहरी दिसते, आणि नवखा माणूस येथेच निराश होऊन आणखी गोंद ओततो. चकाकी गोंदाच्या जाडीतून येत नाही. पृष्ठभाग इतका सपाट झाला, की त्यावर पडलेला प्रकाश विखुरला न जाता एकाच दिशेने परततो, तेव्हा डोळ्याला ती दिसते. तर लाकडाची नक्षी खोल वाटते ती गोंदाने तंतूंमधली हवा हटवून प्रकाशाला आत वाट दिल्यामुळे. म्हणून खरी मेहनत शेवटच्या घासणीत असते. पाण्यात भिजवलेल्या 1500 पासून 12000 क्रमांकापर्यंतच्या अपघर्षक पट्ट्या क्रमाने वापरायच्या, दर पट्टीनंतर लेथ बंद करून पेनाच्या लांबीच्या दिशेने हात फिरवायचा, म्हणजे गोल ओरखडे उरत नाहीत, आणि अखेरीस प्लास्टिकचे पॉलिश लावायचे. घासताना थर फाटून लाकूड उघडे पडले आणि त्यात पाणी शिरले, तर तेथे पांढरा डाग पडतो. मग थर चढवण्यापासून पुन्हा सुरुवात.

कापूस मात्र या कामात कटाक्षाने टाळावा. सुती कापडावर किंवा बोळ्यावर हा गोंद सांडला तर प्रक्रिया इतकी जलद होते, की धूर निघतो आणि कातडी भाजते. वाफेने डोळे व नाक चुरचुरते, दम्याच्या रुग्णाला ती अधिक त्रासदायक ठरते. म्हणून खिडकी उघडी आणि चष्मा डोळ्यांवर हवा.

फिरत्या लाकडावर राळ चढवून चकाकी आणण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सावंतवाडीची लाखेची कामे प्रसिद्ध आहेत, आणि शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणला रंगीत लाखेची कांडी फिरत्या खेळण्यावर दाबली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झिलई दिली जाते. लाखेचा कीटक ज्या झाडांवर पोसतो, त्यात पळस अग्रभागी आहे, आणि पळस मेळघाटात जागोजागी आहे. लाखेचे कवच गोंदापेक्षा उबदार आणि हाताला मऊ लागते, यात शंका नाही. पण ती उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते, आणि घामेजल्या बोटांत रोज फिरणाऱ्या वस्तूवर लवकर मंदावते. खेळण्याला लाख आणि पेनाला गोंद, ही विभागणी त्यामुळे समजण्याजोगी आहे.

तरीही सागाच्या बाबतीत गोंदाचा आग्रह थोडा अनाठायी वाटतो. जे लाकूड स्वतःच्या तेलावर टिकते, त्याला प्लास्टिकच्या कवचात बंद केल्यावर हाताला लागते ते प्लास्टिक, साग नव्हे. हळदूसारख्या फिकट, बारीक पोताच्या आणि चटकन मळणाऱ्या लाकडाला हे कवच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. बांबूलाही पडते. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातून बांबूच्या नित्योपयोगी वस्तू घडवण्याचे काम अनेक वर्षे केले आहे, आणि या भागातला मानवेल जातीचा बांबू पुष्कळदा जवळजवळ भरीव असल्याने तो लेथवर कातता येतो. त्याची बाहेरची गुळगुळीत साल गोंदाला धरू देत नाही, ती आधी कातून काढावी लागते. साल गेल्यावर उघडे पडणारे तंतू मात्र ओल आणि मळ दोन्ही शोषतात, म्हणून तेथे गोंदाचे कवच शोभेपेक्षा संरक्षणाचे काम करते.

दुरुस्तीचा विचार केला, तर हे कवच निवडण्यापूर्वी ग्राहकाला एक गोष्ट सांगणे आवश्यक ठरते. बारीक ओरखडे त्याच पट्ट्यांनी आणि पॉलिशने निघतात, परंतु पेन फरशीवर पडून टवका उडाला, तर तेवढीच जागा भरून बेमालूम करणे अवघड असते आणि बहुधा पेनाचे भाग उकलून, नळी पुन्हा लेथवर चढवून सगळे कवच कातून काढावे लागते. तेल किंवा मेण लावलेल्या सागाला एवढा खटाटोप लागत नाही. तेलाचा बोळा वर्षा-दोन वर्षांनी घरच्या घरी फिरवला तरी पुरते.