बेसॉल्टच्या थरांखाली युरेनियमचा माग

कोल्हापूर जिल्ह्यातील खाणकाम म्हणजे मुख्यतः राधानगरी, शाहूवाडी व चंदगड तालुक्यांतील बॉक्साइटचे. अ‍ॅल्युमिनियमचे हे धातुक जांभ्याच्या सड्यांच्या माथ्याशीच सापडते. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात मात्र बेसॉल्टखालून कोट्यवधी वर्षे जुने, 'कलादगी' नावाचे गाळाचे खडक काही ठिकाणी डोके वर काढतात, आणि पुढे बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत, घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत, ते मोकळे पसरलेले दिसतात. या पट्ट्यात अणुखनिज अन्वेषण व संशोधन संचालनालयाने युरेनियमचा शोध घेतला, आणि बेळगाव जिल्ह्यातील देशनूर येथे युरेनियमयुक्त खडक आढळला. १९४९ मध्ये दाराशा वाडिया यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या छोट्या सर्वेक्षण पथकातून ही संस्था वाढली असून तिचे मुख्यालय हैदराबादेत आहे.

झारखंडमधील जादुगुडा येथे १९५१ मध्ये युरेनियमचा साठा सापडल्यावर भाटिन, नरवापहार, तुरामडीह हे पुढचे साठे त्याच पट्ट्यात मिळाले, कारण ज्ञात खाणीच्या शेजारी शोधणे ही भूवैज्ञानिकांची जुनी रीत आहे. कलादगीत अशी शेजारची खाण नव्हती. तेथे आधार होता तो साम्याचा. झिजलेल्या प्राचीन खडकावर दीर्घ काळाने नवा गाळ साचला, की दोहोंमधल्या सीमेला 'विसंगती' म्हणतात. प्राणवायुयुक्त पाण्यात विरघळून आलेले युरेनियम सल्फाइड किंवा कार्बन भेटताच अशा सीमेपाशी साचू शकते. कॅनडातील अथाबास्का खोऱ्यातील समृद्ध साठे असेच आहेत, आणि आपल्याकडे कडप्पा खोऱ्याच्या कडेला लांबापूर येथेही असा साठा मिळाला.

खरी अडचण बेसॉल्टची आहे. युरेनियमच्या विघटनातून निघणारे गॅमा किरण अर्धा-एक मीटर दगडातच जवळजवळ संपतात, त्यामुळे हातातला किरण मोजणारा गणक घेऊन शिवार पालथे घातले तरी खोलवरचा साठा मूक राहतो, आणि अखेर हिऱ्याच्या कणांचे दात असलेल्या नळीने बोअर घ्यावा लागतो. नळीतून निघालेला दगडाचा दंडगोल, म्हणजे गाभा, खोलीच्या क्रमाने पेटीत मांडतात व बोअरमध्ये गणक सोडून हळूहळू वर ओढतात. गणकाचा आकडाही अंतिम नसतो, कारण हे किरण प्रामुख्याने युरेनियमच्या विघटनातून बनणाऱ्या मूलद्रव्यांपैकी, म्हणजे त्याच्या वंशजांपैकी, बिस्मथ-२१४ चे असतात. पाण्याने युरेनियम वाहून नेले आणि वंशज मागे राहिले, तर गणक वाजतो पण दगडात धातू नसतो. म्हणून गाभ्याचे रासायनिक पृथक्करण करणे अटळ ठरते, आणि या कामात घाईला जागाच नाही.

शिवारात बोअरचे यंत्र उभे राहिले म्हणजे खाण ठरली, असे मुळीच नाही. साठ्याची खोली, प्रत आणि विस्तार कळण्यास अनेक बोअर लागतात, व त्यांतले कित्येक कोरडे निघतात. त्या प्रत्येक बोअरमध्ये काय मिळाले, हे जमिनीच्या मालकांना मराठीत आणि कन्नडमध्ये समजावून सांगणे, हेही संशोधकांच्या कामातच धरले पाहिजे.