‘फॉरमॅट करायची का?’ आधी ‘नाही’ म्हणा

नाशिक रोडजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. अशा ठिकाणी कोळसा आणि राखेच्या सान्निध्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये छोटी गाठ दिसली, तर डॉक्टर लगेच विचारतात, ‘जुना एक्स-रे किंवा सीटी स्कॅन आहे का?’ घट्ट स्वरूपाची गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली असेल, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता बरीच कमी होते आणि सुईने तुकडा काढण्याची वेळ बहुधा टळते. गाठ नवी असेल किंवा वाढली असेल, तर मात्र तपास लांबवता येत नाही.

रुग्णालयाकडे प्रत असेलच असे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात. त्यापुढे भिस्त घरच्या प्रतीवर. ती अनेकदा मुलाने सीडीवरून उतरवून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, बहिणीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी ठेवलेली असते. आणि नेमक्या गरजेच्या दिवशी डिस्क जोडली की संगणक सांगतो, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा.’

इथे घाबरून ‘हो’ म्हणू नये. बहुतेक वेळा डिस्कवरची माहिती शाबूत असते, बिघडलेली असते ती अनुक्रमणिका. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, याची ही नोंद. फाइल उतरत असताना केबल ओढली गेली किंवा वीज गेली (आणि वीज केंद्राच्या दाराशी राहूनही ती जातेच), तर ही नोंद अर्धवट राहते. फॉरमॅट केल्यावर जुनी नोंद पुसून नवी कोरी तयार होते. त्यावर काही लिहिले गेले, की खालची माहितीही जाऊ लागते.

आधी कान द्यावा. ‘टक्-टक्’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर डिस्क ताबडतोब बंद करावी. आत मिनिटाला ५४०० किंवा अधिक फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचणारे टोक अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असते. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्या हिशेबाने राखेचा बारीकसा कणही तिथे डोंगरच. डिस्क बंद असेपर्यंत आतल्या गाळणीमुळे बाहेरची धूळ शिरत नाही, पण घरी स्क्रू काढून आत डोकावणे म्हणजे उघड्यावर शस्त्रक्रिया करणे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही ऐकू नये, आत पाणी साचते. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या जाणकारांकडेच द्यावी. खर्च मोठा असतो, तेव्हा आत काय आहे ते आधी आठवून ठरवावे.

आवाज नेहमीसारखा असेल, तर दोष साधाही असू शकतो. केबल बदलून पाहावी, हब काढून डिस्क थेट संगणकाला जोडावी, दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. केबल सैल असली किंवा वीज अपुरी मिळाली, तरी चांगली डिस्क आजारी भासते. वीजवाहिन्यांच्या चुंबकत्वाने डिस्क पुसली गेली, अशी शंका या भागात कुणाला आली तर नवल नाही, पण घरापर्यंत पोचणारे ते चुंबकत्व त्यासाठी फारच क्षीण असते.

फोल्डर दिसले, की सर्वांत मोलाचे आधी दुसरीकडे उतरवावे, सिनेमे नंतर. विंडोजमधली ‘चेकडिस्क’ ही सोय उपयोगी असली, तरी ती दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहिते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती चालवणे म्हणजे रक्तस्राव थांबण्याआधी रुग्णाला चालायला लावणे. डिस्क अडखळत असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’सारख्या मोफत प्रणालीने आधी तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. सापडलेल्या फाइल पुन्हा मूळ डिस्कवर ठेवू नयेत.

परत मिळालेली फाइल उघडून पाहावी, नुसते नाव दिसणे पुरेसे नाही. सीटी स्कॅन म्हणजे शेकडो चित्रांचा संच असतो. त्यातली मोजकीच उघडत असतील, तर नेमका गाठीचा भाग गायब असू शकतो. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटोही तुलनेला कमी पडतो, कारण मूळ फाइलमध्ये डॉक्टर चित्राची उजळता बदलून फुप्फुस, हाड, रक्तवाहिनी वेगवेगळी तपासू शकतात. आणि प्रती आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर फार विसंबू नये. ती खराब झालेली फाइलही चांगलीच्या जागी बिनबोभाट नेऊन ठेवते. म्हणून एक जुनी प्रत सुटी करून, शक्यतो दुसऱ्या घरी, ठेवावी आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत का होईना, जोडून पाहावी.